पात्र आणि पात्रता

‘पात्र’ या शब्दाचे मराठीत अनेक अर्थ आहेत. त्यांपैकी दोन येथे विचारात घेण्यासारखे आहेत. ज्यात काही ओतावे वा साठवावे ते पात्र. आणि जो एखाद्या मानाला किंवा दानाला लायक आहे तोही पात्र. पहिल्या अर्थाचे पात्र रिकामे असते म्हणूनच उपयोगी पडते. दुसऱ्या अर्थाचे पात्र मात्र स्वतःच्या गुणांनी आधीच भरलेले असावे, अशी आपली अपेक्षा असते. कोण कशाला पात्र, हा प्रश्न माणूस फार पूर्वीपासून विचारीत आला आहे. न्यायालयात, विद्यापीठात, राजकारणात आणि ख्रिस्तसभेतही तो विचारला जातो. परंतु आजच्या काळात फुटबॉलचे शौकीन तो ज्या पोटतिडकीने विचारतात, तितक्या पोटतिडकीने क्वचितच कोणी विचारीत असेल.

युरोपातील क्लबांच्या स्पर्धांत खेळण्याचा मान कोणाला मिळावा, यावर तिकडच्या चाहत्यांत दर वर्षी हंगाम संपता संपता मोठे रणकंदन माजते. हा वाद आता आपल्याही घरांत शिरला आहे. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण हे सामने पाहण्यासाठी मध्यरात्रीनंतर जागत बसतात. कारण तिकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेबारा किंवा दीड वाजलेला असतो. वडीलधाऱ्या मंडळींना हा वेळेचा अपव्यय वाटतो. आम्हांला मात्र असे वाटते की, त्या वादात नीतिशास्त्राचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. तो उकलून पाहिला तर शुभवर्तमानातील एका अवघड दाखल्यावरही थोडा प्रकाश पडू शकेल.

प्रथम थोडा इतिहास पाहू. फ्रान्समधील ‘लेकिप’ या क्रीडा दैनिकाच्या पुढाकाराने १९५५ साली ‘युरोपियन कप’ ही स्पर्धा सुरू झाली. प्रत्येक देशाच्या साखळी स्पर्धेतील विजेत्याने आणि गतवर्षीच्या युरोपीय विजेत्याने तीत उतरावे, हे तत्त्व लवकरच स्थिरावले. गंमत अशी की, पहिल्याच वर्षी ते तत्त्व पुरते पाळले गेले नव्हते. इंग्लंडचा विजेता चेल्सी हा क्लब आपल्याच देशातील लीगच्या सल्ल्यामुळे स्पर्धेपासून दूर राहिला, तर स्कॉटलंडमधून आलेला हिबर्नियन हा क्लब आपल्या देशात पाचव्या क्रमांकावर होता. तरी तो उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. १९९२ साली या स्पर्धेला ‘चॅम्पियन्स लीग’ हे नाव मिळाले. १९९७ पासून मोठ्या देशांच्या उपविजेत्यांना आणि १९९९ पासून सर्वांत बलाढ्य देशांतील चार-चार क्लबांना तीत प्रवेश मिळू लागला. २०२४ पासून तिच्या मुख्य फेरीत छत्तीस क्लब खेळतात. नावात ‘चॅम्पियन्स’ आहे, पण खेळणाऱ्यांपैकी बरेच जण आपल्या देशाचे विजेते नसतात. दार जसजसे रुंद होत गेले तसतसा उंबरठ्यावरचा वाद वाढत गेला.

या वादातील पक्षांचे म्हणणे नीट ऐकले तर ध्यानात येते की, ‘पात्र’ हा एकच शब्द ते तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरीत असतात. एक म्हणतो, जो उत्तम खेळतो तो पात्र. दुसरा म्हणतो, ज्याची परंपरा मोठी तो पात्र. तिसरा म्हणतो, नियमाने ज्याला जागा दिली तो पात्र.

पहिल्या पक्षाच्या पाठीशी साक्षात ॲरिस्टॉटल उभा आहे. सर्वांत चांगली बासरी कोणाला द्यावी, असा प्रश्न त्याने ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात उपस्थित केला आहे. कुलीनाला नव्हे, रूपवानाला नव्हे, तर जो उत्तम वाजवतो त्याला द्यावी, असे त्याचे उत्तर आहे. हे उत्तर मनाला पटते. परंतु मैदानावर ते लावू गेल्यास अडचण येते. बासरी कोण उत्तम वाजवतो हे आधी ऐकून ठरवता येते. येथे मात्र उत्तम कोण हे ठरवण्यासाठीच स्पर्धा भरवली जाते. दाराशीच उत्तमाची निवड झाली असे मानले, तर आत सामने खेळायचे कशासाठी?

१९६९ सालचे उदाहरण पाहावे. त्या काळी ‘फेअर्स कप’ नावाची एक स्पर्धा असे. व्यापारी जत्रा भरवणाऱ्या शहरांच्या क्लबांसाठी ती सुरू झाली होती आणि एका शहरातून एकच क्लब, असा तिचा दंडक होता. त्या दंडकामुळे लंडन आणि लिव्हरपूल या शहरांतील वरच्या क्रमांकाचे काही क्लब गळाले आणि इंग्लंडमध्ये दहावा आलेला न्यूकॅसल युनायटेड आत शिरला. दहाव्या क्रमांकाची काय ती पात्रता, असे कोणीही म्हटले असते. त्या क्लबने त्या वर्षी तो चषकच जिंकला. अंतिम फेरीतील दोन्ही सामन्यांत त्याने हंगेरीच्या उय्पेश्त या नामांकित संघाला हरवले. दाराशी उभे राहून केलेला तर्क किती तोकडा असतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

दुसरा पक्ष परंपरेचा. २०२० च्या मार्च महिन्यात आन्द्रेआ आन्येल्ली यांनी याच पक्षाची बाजू मांडली. ते त्या वेळी युव्हेंटसचे आणि युरोपीय क्लबांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. अटालांटा या क्लबाविषयी आपल्याला आदर आहे. परंतु आंतरराष्ट्रीय इतिहास पाठीशी नसताना केवळ एका चांगल्या हंगामाच्या बळावर त्याला थेट चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेश मिळावा हे योग्य आहे काय, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी केला. अटालांटा हा बर्गामो शहराचा क्लब. पोप संत जॉन तेविसावे यांचे सोत्तो इल मोंते हे जन्मगाव याच बर्गामोच्या परिसरात आहे. अटालांटा त्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, आणि २०२४ च्या मे महिन्यात डब्लिन येथे बायर लेव्हरकुसेनला ३-० ने हरवून त्याने युरोपा लीग जिंकली. इतिहास नसलेल्याने इतिहास घडवला. पण तो घडवण्यासाठी आधी त्याला दारातून आत येऊ द्यावे लागले.

कॅथलिक वाचकांना जवळचे वाटेल असे आणखी एक उदाहरण आहे. ग्लासगो शहराच्या पूर्व भागातील गरीब मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून १८८७ साली ब्रदर वॉलफ्रिड या मारिस्ट व्रतस्थाने सेंट मेरी धर्मग्रामाच्या सभागृहात एका क्लबाची स्थापना केली. तोच सेल्टिक क्लब. १९६६ साली तो स्कॉटलंडचा विजेता ठरला आणि प्रथमच युरोपियन कपमध्ये उतरला. २५ मे १९६७ रोजी लिस्बन येथे त्याने दोनदा विजेता ठरलेल्या इंटर मिलानला २-१ ने नमवले. युरोपियन कप जिंकणारा तो ब्रिटनमधील पहिला क्लब. त्या संघातील सारे खेळाडू ग्लासगोच्या आसपास तीस मैलांच्या आत जन्मलेले होते. युरोपीय इतिहासाचा दाखला मागितला असता तर त्या स्पर्धेत सेल्टिकपाशी दाखवण्यासारखे काहीच नव्हते. त्याच्यापाशी होते ते आदल्या वर्षीचे विजेतेपद आणि नियमाने उघडे ठेवलेले दार.

परंपरेच्या पक्षाने २०२१ साली आपला डाव उघड केला. १८ एप्रिल रोजी इंग्लंडमधील सहा, स्पेनमधील तीन आणि इटलीतील तीन अशा बारा धनाढ्य क्लबांनी ‘सुपर लीग’ या नव्या स्पर्धेची घोषणा केली. तीत संस्थापक क्लबांच्या जागा कायमच्या राहणार होत्या. ते कितीही वाईट खेळले तरी त्यांना कोणी बाहेर काढू शकणार नव्हते. पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. इंग्लंडमधील सहाही क्लबांनी अठ्ठेचाळीस तासांच्या आत माघार घेतली. आम्हांला त्यातील एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. चेल्सीच्या मैदानाबाहेर रस्ता अडवून उभे राहिलेले लोक हे प्रामुख्याने चेल्सीचेच चाहते होते. त्या योजनेत त्यांच्या क्लबाला कायमचे आसन मिळत होते. तरीही, जेथे हरण्याची भीती नाही तेथे जिंकण्याला अर्थ नाही, हे त्यांना कोणत्याही तत्त्वज्ञाने शिकवावे लागले नाही. पुढे ‘युएफा’ या नियामक संस्थेनेही जुन्या कामगिरीच्या गुणांकावर दोन जागा राखून ठेवण्याचा आपला बेत २०२२ साली सोडून दिला.

संत थॉमस अक्वायनस यांनी वाटपाच्या न्यायाचा विचार करताना पक्षपाताला पाप म्हटले आहे. दिल्या जाणाऱ्या गोष्टीशी ज्याचा संबंध नाही असे काही पाहून, म्हणजे केवळ माणसाचा मोठेपणा किंवा धन पाहून देणे, हा त्यांच्या मते पक्षपात. परंपरेचा मान राखावा. तिच्या आठवणी जपाव्यात. परंतु आजोबांच्या पराक्रमावर नातवाने स्पर्धेत जागा मागावी, हे या कसोटीला उतरत नाही.

उरतो तिसरा पक्ष. आमच्या मते न्यायाचे मूळ येथेच आहे. हंगामाच्या आरंभी सर्वांना नियम सांगितला जातो. जो अमुक करील त्याला तमुक मिळेल, असे ते वचन असते. ज्याने आपला वाटा उचलला त्याला वचन दिल्याप्रमाणे देणे, हा न्याय. २०२५ च्या मे महिन्यात टॉटनहॅम हॉटस्पर या क्लबाने बिल्बाओ येथे मँचेस्टर युनायटेडला १-० ने हरवून युरोपा लीग जिंकली, आणि नियमानुसार त्याला चॅम्पियन्स लीगचे दार उघडले. तोच क्लब इंग्लंडच्या साखळी स्पर्धेत अडतीस सामन्यांपैकी बावीस सामने हरून सतराव्या क्रमांकावर होता. पराभूत झालेला मँचेस्टर युनायटेड पंधरावा होता. मोठा गदारोळ झाला. अशा विजेत्याला पुन्हा युरोपा लीगमध्येच खेळवावे, असे मत आर्सेन वेंगर यांच्यासारख्या जाणत्या प्रशिक्षकानेही मांडले. नियम बदलावा की नाही, हा चर्चेचा विषय जरूर आहे. परंतु तो पुढच्या वर्षासाठी. जे वचन ऐकून खेळाडू मैदानात उतरले ते सामना संपल्यावर मागे घेता येत नाही. शिवाय टॉटनहॅममुळे इंग्लंडमधील पहिल्या पाच क्लबांपैकी कोणाचीही जागा गेली नाही.

आता या शेवटच्या वाक्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. कारण येथेच द्राक्षमळ्याच्या दाखल्याची वाट सुरू होते. मळ्याचा धनी पहाटे, मग दिवस चढल्यावर आणि शेवटी दिवस मावळायला तासभर असताना कामकरी लावतो, आणि संध्याकाळी सर्वांना सारखीच मजुरी देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. प्रवचनात हा दाखला सांगताना आपण बहुधा धन्याच्या औदार्यावर भर देतो आणि दोन बारीक गोष्टी सोडून देतो. पहिली अशी की, ठरलेला एक दिनार पहाटेच्या कामकऱ्यांना पुरा मिळाला; त्यातला एक पैसाही कमी झाला नाही. दुसरी अशी की, उशिरा आलेल्यांना जे अधिक मिळाले ते धन्याने स्वतःच्या थैलीतून दिले. त्याने न्याय पाळला आणि मग दया केली. एकाच्या पदरातले काढून दुसऱ्याच्या पदरात टाकण्याला आपल्याकडे ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ म्हणतात. धन्याने तसे केले नाही.

ही कसोटी हाती घेऊन फुटबॉलमधील तीन प्रसंग तपासून पाहू.

६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक येथे मँचेस्टर युनायटेडच्या संघाला घेऊन येणारे विमान कोसळले. तेवीस माणसे दगावली; त्यांत आठ खेळाडू होते. त्या वर्षी इंग्लंडचे विजेतेपद वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सकडे गेले. पुढील हंगामासाठी युरोपच्या संस्थेने वुल्व्हरहॅम्प्टनच्या जोडीला मँचेस्टर युनायटेडलाही सहानुभूतीपूर्वक निमंत्रण दिले. कोणाचीही जागा जाणार नव्हती. परंतु हा क्लब विजेता नाही, असे म्हणून इंग्लंडमधील अधिकाऱ्यांनी परवानगी नाकारली. नियमाच्या अक्षराने ते बरोबरच होते. तथापि पहाटेच्या कामकऱ्याचा दिनार सुरक्षित असताना शोकग्रस्तांना मिळणारा दिनार अडवून धरण्यात न्यायाचे कोणते रक्षण झाले, हे आम्हांला उमगत नाही.

दुसरा प्रसंग २००५ चा. २५ मे रोजी इस्तंबूल येथे लिव्हरपूल मध्यंतरापर्यंत ०-३ असा मागे होता. त्याने ए. सी. मिलानशी ३-३ अशी बरोबरी साधली आणि पेनल्टींवर चॅम्पियन्स लीग जिंकली. पण स्वदेशात तो पाचवा होता. चौथी जागा त्याच शहरातील एव्हर्टनची होती आणि तेव्हाच्या नियमाने गतविजेत्याला आपोआप प्रवेश नव्हता. एव्हर्टनला वगळून लिव्हरपूलला घ्यावे, असा एक मार्ग होता. तो टाळून युएफाने जूनमध्ये जास्तीची एक जागा निर्माण केली. मात्र लिव्हरपूलला जुलै महिन्यात अगदी पहिल्या पात्रता फेरीपासून, वेल्समधील एका छोट्या क्लबाशी खेळत, सुरुवात करावी लागली. पुढे एव्हर्टन पात्रता फेरीतच व्हियारेआलकडून हरला. पाहा, तो पात्र नव्हताच, असे म्हणणारेही निघतील. परंतु दिलेले वचन नंतरच्या पराभवामुळे चुकीचे ठरत नसते. हा निर्णय आम्हांला द्राक्षमळ्याच्या धन्याला शोभेल असा वाटतो.

तिसरा प्रसंग २०१२ चा. तोपर्यंत नियम बदलला होता. गतविजेत्याला प्रवेश मिळे. परंतु एका देशातून चारांहून अधिक क्लब येऊ शकत नसत. सहाव्या क्रमांकावरील चेल्सीने म्युनिक येथे बायर्नला हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली आणि चौथ्या आलेल्या टॉटनहॅमची जागा गेली. नियम आधी सांगितलेला होता. म्हणून याला आम्ही अन्याय म्हणणार नाही. परंतु एकाचे बक्षीस दुसऱ्याच्या ताटातून वाढण्याची ही रीत चांगली नव्हती. पुढे ती मर्यादा पाचांवर नेण्यात आली, हे योग्यच झाले.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. नियम पाळला की न्याय झाला, असे म्हणणे पुरेसे आहे काय? २०२५ च्या मे महिन्यात क्रिस्टल पॅलेस या क्लबाने मँचेस्टर सिटीला १-० ने हरवून एफ. ए. कप जिंकला. त्याच्या आयुष्यातील तो पहिला मोठा चषक. त्यामुळे युरोपा लीगचे दार उघडले. पण त्या क्लबात मोठा वाटा असलेल्या एका मालकाचा फ्रान्समधील ल्यों या क्लबातही वाटा होता आणि ल्योंदेखील त्याच स्पर्धेत येत होता. एका मालकाचे दोन क्लब एका स्पर्धेत नसावेत, असा नियम आहे, आणि मालकीची स्थिती १ मार्चला पाहिली जाते. त्या मालकाने पॅलेसमधील आपला वाटा नंतर विकला. पण ती तारीख उलटून गेली होती. ऑगस्टमध्ये क्रीडा लवादानेही क्लबाचे अपील फेटाळले. पॅलेसची रवानगी तिसऱ्या श्रेणीच्या कॉन्फरन्स लीगमध्ये झाली आणि त्याची जागा नॉटिंगहॅम फॉरेस्टला मिळाली.

संत थॉमस येथे आपल्याला एक शब्द देतात : ‘एपिकैया’. कायद्याचे अक्षर जेथे कायद्याच्याच हेतूचा घात करते, तेथे हेतूला धरून वागणे म्हणजे एपिकैया. ठेव परत करावी हा नियम आहे. पण वेड्याने ठेवलेली तलवार तो वेडाच्या भरात मागू लागला तर ती देऊ नये, हे त्यांचे उदाहरण. पॅलेसच्या बाबतीत नियमाचा हेतू सामन्यांची शुचिता राखणे हा आहे, आणि तो मोलाचा आहे. वाटा विकला गेल्यावर तो हेतू साधला होता, असे एक बाजू म्हणेल. तारीखच पाळली नाही तर प्रत्येक धनिक शेवटच्या क्षणी कागद फिरवील, असे दुसरी बाजू म्हणेल. आम्हांला दुसऱ्या बाजूचे वजन मान्य आहे. तरीही एक सल उरतोच : चूक कागदपत्रांच्या व्यवहारात झाली आणि शिक्षा मैदानावर घाम गाळणाऱ्यांना व पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहणाऱ्या चाहत्यांना भोगावी लागली. १९८५ साली ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर एकोणचाळीस जण मृत्युमुखी पडले, तेव्हा त्यानंतरच्या पाच वर्षांच्या बंदीत दंगलखोरांबरोबर निरपराध क्लबही सापडले. १९८५ आणि १९८७ साली इंग्लंड जिंकूनही एव्हर्टनला युरोपियन कप खेळता आला नाही. शिस्तीसाठी असे निर्णय कधी कधी अटळ असतील; परंतु ते घेताना ‘हे पात्र नव्हते’ असे म्हणू नये. ‘यांचे देणे आम्ही देऊ शकलो नाही’, असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

आमच्या मते या साऱ्या वादातून हाती येते ते असे : दिलेले वचन पाळावे, खालून वर येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवावे, आणि दया करायची झाल्यास ती स्वतःच्या थैलीतून करावी. एवढे केल्यानंतर कोणी ‘खरोखर’ पात्र आहे काय, हा प्रश्न उरतो. पण त्याचे उत्तर देण्याचा अधिकार आपल्याकडे फारसा नाही. मराठीत ‘लायकी काढणे’ असा वाक्प्रचार आहे. तो नेहमी दुसऱ्याच्याच बाबतीत वापरला जातो, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. आपली लायकी आपण काढीत नाही. सतराव्या क्रमांकाच्या क्लबाला हसणारा चाहता आपला क्लब सतरावा असता तर चषक छातीशी धरूनच झोपला असता.

धर्मग्रामातही हा वाक्प्रचार अधूनमधून कानी पडतो. मदतनिधीतून कोणाच्या मुलाला शिष्यवृत्ती द्यावी, सणाच्या मिरवणुकीत खांब कोणी धरावा, काल परगावाहून आलेल्या कुटुंबाला परिषदेत स्थान असावे काय, अशा वेळी परंपरा, गुणवत्ता आणि नियम हे तिन्ही पक्ष आपल्यातही उभे राहतात. ज्याला जे कबूल केले ते द्यावेच लागेल. पण त्याहून अधिक कोणाला मिळताना दिसले आणि आपल्या ताटातले काही गेले नसेल, तर कुरकुरण्याचे कारण काय, हे आपण स्वतःला विचारायला हवे.

दर रविवारी मिस्साबलिदानात ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण सारे त्या रोमन शताधिपतीची आठवण करून स्वतःची अपात्रता मोठ्याने कबूल करतो, आणि तरीही पुढे जातो. त्या रांगेत परंपरेचे आसन नसते की गुणतक्ता नसतो. तेथे आपण पहिल्या अर्थाचे पात्र होऊन उभे राहतो, रिकामे आणि उघडे. शेजारी कोण उभा आहे आणि तो किती वाजता कामाला लागला, याची चौकशी त्या घटकेला तरी कोणी करीत नाही.